चोवीस विणीच्या झंपरांचे कलम आणि माझे घर

मी, नारायण विठ्ठल बेंबळीकर, वय वर्षे त्रेसष्ट, करोडगिरी खात्यातील निवृत्त मोहरीर, म्हणजे कारकून, राहणार तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हा लेख स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पोटभर जेवून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून वळवलेले नाही. अक्षर थोडे उडते आहे, ते वयामुळे नव्हे. एक गोष्ट मनात पक्की झाली आहे आणि ती कागदावर उतरेपर्यंत मला धीर निघत नाही.

लेख करण्याचे निमित्त असे. अष्टग्रहीने जग बुडणार म्हणून गावोगाव होमहवन चालले असताना माझा पुतण्या अण्णा परवा कळंबहून एस.टी.ने आला. मला वाटले काकाच्या काळजीने आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, जग राहील न राहील, घराचे तेवढे लिहून ठेवा. त्याला माझ्या घरात यात्रेकरूंसाठी लॉज काढायचा आहे. जग बुडाल्यावर लॉजात उतरणार कोण, असे मी विचारले. त्यावर त्याने दुसरा कप मागितला. माझी पत्नी वनमाला निवर्तली, मूलबाळ नाही, तेव्हा वारस मीच असे तो धरून चालला आहे. त्याने तसे धरू नये म्हणून पुढील कलमे.

कलम पहिले. माझी भिकबाळी, चांदीचे ताम्हन आणि बेंबळीच्या शेतातील माझा हिस्सा अण्णास द्यावा. हे कमी नाही. शेतात विहीर आहे.

कलम दुसरे. पितळी मुठीचे भिंग आणि करोडगिरीचे दरांचे पुस्तक गजराबाईस द्यावे. ती आमच्या पुढच्या खोलीत विणकामाच्या यंत्रावर बसते आणि इंचात किती टाके ते नुसत्या बोटाने सांगते. मी भिंगाने मोजून पाहतो, दरवेळी तिचे बरोबर निघते. पुस्तकाचा तिला उपयोग नाही. त्यावर तिने पाट म्हणून बसावे, माझी हरकत नाही.

कलम तिसरे. माझे राहते घर, पुढची खोली व पडवीसह, श्रीमती शिवगंगा हिला माझ्या पश्चात मालकी हक्काने मिळावे. ती माझी बायको नाही, बहीण नाही, नात्याची नाही, जातीची नाही. सात वर्षे ती पुढच्या खोलीची भाडेकरू आहे. तिची दोन विणकामाची यंत्रे तेथे आहेत आणि चार बायकांचे पोट त्यांवर आहे. अण्णाचा लॉज झाला तर पहिल्या दिवशी ती यंत्रे रस्त्यावर येतील. हे होऊ नये, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे शोभेला.

तिचा माझा संबंध कसा आला, हे कोर्टाला समजावे म्हणून लिहितो, आणि खरे सांगायचे तर मला सांगायला आवडते म्हणूनही.

निजामाच्या मुलखात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारे खाते ते करोडगिरी. संस्थान भारतात विलीन झाले तरी आमचे नाके काही वर्षे तसेच चालू राहिले. सन १९५० च्या डिसेंबरात सोलापूर रस्त्यावरच्या एका नाक्यावर मी मोहरीर होतो. शिवगंगा तेव्हा पंचविशीची, नवीनच विधवा झालेली. अंगावरचे सोन्याचे डाग मोडून तिने सोलापुरात चोवीस जनानी झंपर घेतले होते. परदेशी माल, यंत्रावर विणलेला, मुंबई बंदरात उतरलेला. तुळजापुरात यात्रेकरू बायकांना विकून पोट भरावे हा बेत.

असा माल नाक्यावर कधी आला नव्हता. पुस्तकात दोन कलमे. 'गंजीफ्रॉक व मोजे' यांना दर हलका. 'जनानी तयार कपडे, परदेशी' यांना दर जबर. विणीचा आणि ताणला जाणारा, म्हणजे गंजीफ्रॉकासारखा. पण गळ्याला तीन बटणे, कोपरापर्यंत बाही, कमरेला तंग पट्टी, म्हणजे झंपर. मी भिंगाने टाके मोजले. बाही उलटी करून शिवण पाहिली. इतके सुंदर कोडे माझ्या नोकरीत दुसरे आले नाही. मागे टांगे खोळंबले होते, त्यांचे मला भान नव्हते.

पुस्तकात टीप होती की कपडा आत घालण्याचा की वर मिरवण्याचा हे अंगावर घालून ठरवावे, आणि प्रत्येक नगाची खात्री करावी. बाईमाणसाला मी घालून दाखव म्हणणे शक्यच नव्हते. नाक्यावर दुसरे अंग होते ते शिपाई धुळाप्पाचे. धुळाप्पा धनगराचा, छाती दरवाजाएवढी. मी त्याला सदऱ्यावरून पहिला झंपर घालायला लावला. वर मिरवण्याचा आहे हे पहिल्याच नगाला कळले होते. पण टिपेत प्रत्येक नग लिहिले होते, आणि मी टीप मोडणारा माणूस नव्हतो. त्याने एकामागून एक चोवीसही घातले आणि काढले. मी प्रत्येकापुढे खूण केली आणि जबर दराच्या कलमात नोंद ठोकून दिली.

मान वर केली तेव्हा टेबलावर चोवीस पोती पडली होती. कमरेची पट्टी सैल, खांदे लोंबलेले. शिवगंगा रडली नाही. तिने एक झंपर उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "सायब, ह्ये आता कुठल्याच बाईच्या अंगाला बसायचे न्हाईत. तुमीच मर्दानी केले. आता सांगा, कुठल्या कलमात घालता?"

माझ्या अंगावर काटा आला. लाजेने आला, आणि लिहायला हरकत नाही, आनंदानेही आला. बाईचे म्हणणे बिनतोड होते. मी जुन्या नोंदीवर एक रेघ ओढली, खाली सही केली आणि लिहिले: गंजीफ्रॉक, मर्दानी, नग चोवीस. हलका दर. तिने तो भरला, आणि सारा माल येडशीच्या बाजूला थंडीत मेंढरे राखणाऱ्या धनगरांना विकला. एक धुळाप्पानेच घेतला. तिला त्या दिवशी कळले की विणीचा कपडा बाईपेक्षा मेंढक्याला जास्त हवा आहे, आणि तिचा धंदा तेथून सुरू झाला. पुढे नाके उठले. पहिले यंत्र घेतल्यावर ती खोली शोधत माझ्याच दारी आली. मी भाडे सांगितले, तिने ते पाडून मागितले.

कलम चौथे. ज्या तपासनीस साहेबांनी या नोंदीपायी माझी एक बढती रोखली, त्यांचे नाव लिहीत नाही. माल नाक्यावर आला तेव्हा जनानी होता, जकात त्यावरच बसते, असा त्यांचा शेरा होता. मी अकरा अर्ज केले. नियमाने त्यांचे बरोबर होते, हे मी आज प्रथमच मान्य करतो. माझ्यामागे त्यांना तसे कळवावे. आधी कळवू नये.

येथवर शनिवारी लिहिले. आज शुक्रवार. जग जागेवर आहे, पण माझे तिसरे कलम नाही.

झाले असे की रविवारी मी तिसरे कलम शिवगंगेला वाचून दाखवले. वाटले, डोळ्यांना पदर लावील. ती यंत्राला तेल घालत होती, ते थांबवले नाही. म्हणाली, "मेल्यावर दिल्यालं घर अण्णा मला पचू दील व्हय? म्हनंल, म्हाताऱ्याला भुलवून लिवून घेतलं. चार गावात माझ्या नावानं बोंब मारतील, आन तुमी उत्तर द्यायला नसाल. मला दान नगं. इकत द्या. तुमी हायसा तवर, कचेरीत सायबासमोर, भाव करून."

मी चिडलो. सात वर्षांत तिच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटले, मी विकणारा कोण आणि तू फुकट न घेणारी कोण. ती म्हणाली, मी फुकट कधी काय घेतलं, जकातसुद्धा भरली. रात्रभर नव्हे, पण संध्याकाळभर विचार केला. तिचे पुन्हा बिनतोड होते. मी मेल्यावर साक्ष द्यायला येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट माझ्या कारकुनी डोक्यात आली नव्हती.

मग आम्ही भाव केला. तीन दिवस केला. काय मजा आली म्हणून सांगू! ती उठून जायची, मी हाक मारायचो. मी उठायचो, गजराबाई हाक मारायची. काल गुरुवारी खरेदीखत नोंदवले. कारकुनाने विचारले, घेणार-देणार यांचे नाते काय? शिवगंगाच म्हणाली, "नातं न्हाय. ओळख हाय, जुनी." कारकुनाने तसेच लिहिले. मला त्याहून चांगले सुचले नसते.

म्हणून कलम तिसरे रद्द. नवा कागद घेतलेला नाही. आमच्या खात्याची रीत अशी की चुकलेली नोंद फाडायची नाही. वाचता येईल अशी एक रेघ ओढायची. तशी ओढली आहे. अण्णाने ती अवश्य वाचावी.

कलम पाचवे. घराची आलेली रक्कम माझ्या औषधपाण्याला व दिवसकार्याला लागून उरेल ती अण्णास द्यावी. माजघर शिवगंगेने मला भाड्याने दिले आहे. मी सांगितलेले भाडे तिने यावेळीही पाडले, मात्र आता मालकीण म्हणून. मला ते फार कमी वाटते आणि वाढवून घ्यावे म्हणून माझा अर्ज तिच्याकडे पडून आहे.

कलम सहावे. धुळाप्पा साक्षीदार असल्याने त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. जे द्यायचे ते त्याच्या हातात दिले. काय दिले ते अण्णाने विचारू नये.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझा आहे, आणि मी खुशीत आहे.

साक्षीदार:
१. धुळाप्पा बिरदेव, निवृत्त शिपाई. निशाणी डावा अंगठा.
२. ईरण्णा गुंडप्पा, कापड रंगारी, तुळजापूर. सही.

तारीख: ९ फेब्रुवारी १९६२

ठिकाण: <s>माझे राहते घर</s> श्रीमती शिवगंगा यांचे घर, तुळजापूर

सही: नारायण विठ्ठल बेंबळीकर, भाडेकरू