पहिलं पाणी

२ सप्टेंबर, शनिवार

कावेरीचं, माझ्या बायकोचं, तेरावं झालं. सकाळी गच्चीच्या कठड्यावर नैवेद्य ठेवला. कावळा लवकर शिवला. केवळाअक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, "बघ, कशातच जीव अडकला नव्हता तिचा." मला तसं वाटत नाही.

मांडव गच्चीवरच होता, पंगती तिथंच उठवल्या. बिलोलीहून अक्काच्या घरचे, नांदेडहून आमची ज्ञानेश्वरी आणि जावई, शिवाय सगळी गल्ली. मागं भात, वरण बरंच सांडलं होतं. मी झाडू घेतला तर अक्का ओरडली, "आज झाडायचं न्हाई! तिला हाकलून लावतो का काय?" आमच्याकडं तेराव्याला केर काढत नाहीत. झाडू ठेवून दिला. पत्रावळीही तशाच कोपऱ्यात राहिल्या. महिनाभर पाऊस नाही, कशाची घाई!

३ सप्टेंबर, रविवार

रात्री पाऊस आला. मोठा. पाहुणे सकाळी गेले. गच्ची आपोआप धुऊन निघाली आहे.

बूच आठवलं होतं मला.

इथं लिहितो, कारण कुणाला सांगणार नाही. गल्लीतल्या घरांच्या गच्चीचं पाणी पाइपानं वाळूच्या खड्ड्यात येतं आणि तिथून गल्लीच्या बोअरमध्ये उतरतं. हे सगळं कावेरीनं आणि तिच्या बायकांच्या गटानं केलेलं. लातुरात नळाला पाणी येणार कधी याचा भरवसा नाही, त्यामुळं सगळी गल्ली त्या बोअरवर. तिचा एक नियम होता. पावसानं खंड दिला की पुढच्या पावसाचं पहिलं पाणी बोअरला द्यायचं नाही. आपापल्या पाइपाच्या खालचं बूच काढायचं, गच्चीवरची घाण गटारात जाऊ द्यायची, मग बूच परत लावायचं. थेंब वाजले की ती उठायची. मी कूस बदलायचो.

काल थेंब वाजले, जाग आली, बूच आठवलं. आणि वाटलं — ती उठेल.

कूस बदलली.

६ सप्टेंबर, बुधवार

बोअरच्या पाण्याला वास मारतोय. आंबट. कशाचा ते मला पहिल्या तांब्यालाच कळलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

धम्मप्रियाच्या सासूबाईंना दवाखान्यात नेलं. उलट्या, जुलाब. सलाईन चालू आहे. कावेरीनंतर गटाचं काम धम्मप्रियाच बघते, आणि आजार तिच्याच घरात!

संध्याकाळी बोअरपाशी सगळे जमले. किराणा दुकानवाला बालाजी तावातावानं म्हणाला, "ह्या चंद्रप्पाच्या संडासाचा खड्डा! मी तवाच म्हणलो होतो, बोअरच्या उशाला ही घाण नको म्हणून."

चंद्रप्पा निलंग्याकडचा. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहतो, कपड्यांना इस्त्री करतो. "लई लांब हाय हो शेठ खड्डा. अन् मागच्या उन्हाळ्यापासून हाय, आताच कसा वास मारंल?"

"वासाला बी मुहूर्त बघतो का रे तू?"

लोक हसले. चंद्रप्पा माझ्याकडं बघत होता. त्याची बायको रुद्राणी बाळंतपणाहून परत आली तेव्हा कावेरीनंच मागं लागून तो संडास बांधून घेतला होता. गटाच्या बायकांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या. त्याला वाटलं असेल, काका बोलतील.

मी चष्मा पुसत बसलो.

ठरलं — बोअर उपसायचा, औषध टाकायचं, चंद्रप्पाचा संडास बंद.

९ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर मोटर चालू ठेवून बोअर उपसला. एवढं पाणी गटारातून वाहत गेलं. तिनं बघितलं असतं तर!

दुपारी बालाजी चंद्रप्पाच्या संडासाच्या दारावर फळ्या ठोकत होता. मी जाता जाता दिसलो. "काका, जरा टोक धरा हो, हलून राहिलं."

धरलं.

११ सप्टेंबर, सोमवार

पहाटे दूध आणायला निघालो तर रुद्राणी डबा घेऊन रुळाच्या बाजूनं येत होती. मला बघून डबा पदराआड घेतला. रोज "काका, चहा झाला का?" म्हणणारी पोरगी. आज खाली मान.

दूध न आणताच परत आलो.

१२ सप्टेंबर

काही नाही. जेवलो नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

ज्ञानेश्वरीचा फोन आला. सगळं सांगून टाकलं. आधी म्हणाली, "पप्पा, पाऊस काय तुम्ही पाडला का?" मग म्हणाली, "हे बाहेर बोलू नका. लोक म्हणतील, कावेरीताईच्या पाइपानंच घाण आली. सगळे पाइप उपटून टाकतील. आईचं दुसरं काय राहिलंय तिथं?"

ती चुकीचं बोलत नाही. पण फोन ठेवल्यावर जरा हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. कावेरीच्या नावासाठी गप्प बसलो — केवढं सोयीचं कारण मिळालं मला!

धम्मप्रियाच्या सासूबाई घरी आल्या आहेत. उठून बसतात.

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंड्याहून आल्यावर बोअरपाशी बैठक. वास गेला आहे, पण कुणी ते पाणी तोंडाला लावत नाही.

बालाजी म्हणाला, "माझं ऐका, पाइपच काढून टाकू. एकदाची कटकट जाईल."

धम्मप्रिया उसळली. "ताईला जाऊन महिना झाला न्हाई अजून! लाज वाटू द्या भाऊ."

"ताईचं नाव नका घेऊ मधी. ताई असत्या तर हे झालंच नसतं."

तेवढ्यात मागून चंद्रप्पा बोलला. "मी खोली सोडतो. गावाकडं जातो बायकापोराला घेऊन. पर पाइप काढू नका. काकूनं लई जीव लावून बसवलेत."

मी उभा राहिलो. एवढ्या लोकांपुढं मी कधी बोललेलो नाही. गच्चीवरचं अन्न सांगितलं, बूच सांगितलं, जाग आली होती हेही सांगितलं. "चंद्रप्पाचा काही दोष नाही. माझा आहे. पाइपाचाही नाही," एवढं म्हणालो आणि खाली बसलो.

वाटलं होतं, शिव्या पडतील. बालाजी जमिनीकडं बघत होता. धम्मप्रिया पण. एकेक जण उठून गेला. यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

घरून पहार आणली आणि संडासाच्या फळ्या काढायला लागलो. रुद्राणी खोलीतून म्हणाली, "राहू द्या काका, हे काढतील की." मी काढल्या. चंद्रप्पा बाजूला उभा होता. वाकलेले खिळे वेचून घेतले त्यानं, पोराच्या पायात जातील म्हणून. मग माझ्याकडं न बघता आत गेला.

बरोबर आहे त्याचं.

१८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी धम्मप्रिया आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "काका, काल माझी जीभच उचलली न्हाई. त्या रात्री आमचंबी बूच लावलेलंच होतं. बालाजीभाऊचंबी. गल्लीत कुणाचंच निघालं नव्हतं. ताईच काढायच्या ना सगळ्यांची, दारोदार फिरून. पाऊस आला की आम्ही आपलं अंगावर ओढून घ्यायचो."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कावेरी आपल्या दारातलं एक बूच काढते आणि येते. चिंब होऊन यायची. मी अंथरुणातून म्हणायचो, "एवढ्याशा कामाला एवढा उशीर?" ती म्हणायची, "आले की."

सांडलेलं अन्न माझ्याच गच्चीवरचं होतं. त्यानं माझा दोष काही कमी होत नाही.

धम्मप्रिया गेल्यावर मागच्या दारात कावेरीच्या चपला दिसल्या. जुलैचा चिखल वाळून तळाला घट्ट बसला होता. मोरीत नेल्या, घासून धुतल्या, उन्हात उभ्या करून ठेवल्या.