दोन चमचे लेन्सचं पाणी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवरच सांगावं म्हणून चार-पाच वेळा तुझा नंबर काढला होता. पण पहिल्याच वाक्याला अडखळलो असतो आणि तू "बरं बाबा, ठेवते" म्हणाली असतीस. कागदावर माणूस कितीही वेळ अडखळला तरी समोरच्याला ते ऐकू जात नाही.

इकडे विशेष काही नाही. गुडघा कुरकुर करतो, पण ऐकतो. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेले. आता जिन्यात मशीनची खडखड नाही, संध्याकाळी कोणाशी वाद घालावा तर तेही नाही. मी सकाळी दूध आणतो, चहा करतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो आणि मान वर करून बघतो तर नऊ वाजलेले असतात. उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते सुचत नाही. म्हणून दुकानात मुद्दाम एखादी वस्तू विसरून येतो, म्हणजे दुपारी परत एक फेरी होते. दुकानदाराला वाटतं म्हातारा विसराळू झाला. वाटू दे.

तर मागच्या शनिवारची गोष्ट. समोरच्या घरात एक नर्सबाई राहायला आल्यात. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतो. दोन मुली, थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच वर्षांची. शनिवारी जेवण उरकून मी भांडी घासत होतो, तर बेल वाजली. बाई दारात, अंगावर ड्यूटीचे कपडे, दोन्ही बाजूंना दोन मुली. म्हणाल्या, "काका, बदलीवरची नर्स आजारी पडली, मला जावंच लागतंय. मुलींना सांभाळणारी मावशी गावाला गेलीय. फक्त सहा वाजेपर्यंत बघाल का?" मुलांचं मला काही जमत नाही, हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण धाकटी तोवर माझ्या हाताखालून आत शिरून सोफ्यावर चढली होती. मग काय बोलणार!

पहिला अर्धा तास आम्ही तिघं नुसते एकमेकांकडे बघत बसलो. मी बिस्किटं दिली, त्यांनी खाल्ली. मी विचारलं, शाळा कशी आहे, त्या म्हणाल्या, बरी आहे. झाली आमची तोंडी परीक्षा. मग थोरलीच म्हणाली, "आजोबा, स्लाइम करू या?" मला वाटलं काहीतरी खायचं असेल. तिने मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडून समजावलं: गिळगिळीत असतं, ताणलं तर लांबतं, दाबलं तर फुर्र आवाज येतो. उपयोग? उपयोग काही नाही. "मजा येते" म्हणे.

सामान तिला तोंडपाठ होतं. पांढरा गोंद माझ्याकडे होता, पुस्तकांच्या पाठी चिकटवायला आणलेला. खायचा सोडा होता. दाढीचा फेस होता, तो घातला की ते ढगासारखं फुगतं म्हणे. रंगाला शाईची दौत. आणि मग ती म्हणाली, "लेन्सचं पाणी पाहिजे. त्याच्याशिवाय नाही होत." तू डोळ्यांतल्या लेन्स धुवायचीस ते पाणी या घरात कुठे असणार ते मला माहीत होतं. तुझ्या खोलीत मी आठवड्यातून एकदा झाडू मारतो, तेवढंच. कपाट उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. दुसऱ्या कप्प्यात, तुझ्या जुन्या चष्म्याच्या डबीशेजारी, ती बाटली अर्धी भरलेली होती. मुदत संपून गेली होती, पण डोळ्यांत थोडीच घालायची होती! भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली, तर बोरिक ॲसिड. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गोंदाच्या लांबलचक साखळ्या त्याने एकमेकींत गुंततात, म्हणून त्याचा गोळा होतो. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसल्या, मास्तरांच्या पाठीमागे उभा राहून सगळं ऐकलं. त्यातलं काही कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मग मी चष्मा चढवला, औषधाचं माप घेतलं आणि कामाला लागलो. अर्धा चमचा सोडा, थोडी शाई, फेस अंदाजाने. लेन्सचं पाणी दोन चमचे, तेही थेंब थेंब. थोरली ढवळत होती, धाकटी बाजूला नाचत होती. बराच वेळ नुसती निळी लापशी. मला तर वाटलं फसलं. आणि एकदम, अगं, ते पातेल्याची कड सोडून चमच्याभोवती गोळा व्हायला लागलं! धाकटी इतक्या जोरात ओरडली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मीही ओरडलो असेन बहुतेक, कारण दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

पुढचा तासभर आम्ही त्याचे साप केले, टोप्या केल्या, फुर्र फुर्र आवाज काढले. आणि मग व्हायचं तेच झालं. धाकटीने टोपी खरीच डोक्यावर घातली. केसांत हा एवढा गुंता! थोरली पांढरीफटक पडली. "आईला सांगू नका, माझ्यावर सोपवलं होतं तिने," म्हणून हमसून हमसून रडायला लागली. तिचा तो चेहरा बघितला आणि मला तू आठवलीस. तू नऊ वर्षांची होतीस, सुट्टीत माझ्याबरोबर शाळेत आली होतीस. मी कपाटं लावत होतो. तू जांभळ्या खड्यांची बरणी उघडलीस, पाण्यात खडे टाकलेस, रंग पसरताना बघत बसलीस आणि भांडं लवंडलं. फ्रॉक, फरशी, सगळं जांभळं. तू "बाबा, बघा ना" म्हणत होतीस आणि मी तुझा हात धरून तुला बाहेर व्हरांड्यात उभं केलं. दोन तास. हेडमास्तर येतील ही भीती मला होती, ती मी तुझ्यावर काढली. तू परत कधी शाळेत माझ्याबरोबर आली नाहीस, आणि मी मनात म्हटलं, शिस्त लागली पोरीला.

थोरलीला मी म्हटलं, रडू नकोस, हे सुटतं. व्हिनेगर आणि कोमट पाणी घेतलं, धाकटीला मोरीत स्टुलावर बसवलं आणि एकेक बट सोडवत गेलो. पाऊण तास लागला. ती सारखी बडबडत होती. मधेच म्हणाली, "आजोबा, तुमची मुलं कुठे खेळायला गेलीत?" मी म्हटलं, लांब गेलीय, मोठी झालीय. तर म्हणते, "मग हाक मारा ना." थोरलीने तिला गप्प केलं. बाहेर सोफ्यावर केस पुसता पुसता ती माझ्या दंडावर डोकं टेकून झोपून गेली. अंगाला व्हिनेगरचा वास, नखांत निळी शाई. मी हललो नाही. हाताला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला, तरी हललो नाही. थोरली शेजारी चित्र काढत बसली होती. सहाला त्यांची आई आली, थँक्यू काका म्हणाली, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन गेली. दार लावल्यावर घर इतकं गप्प झालं की मी पातेलं घासताना उगाच मोठ्याने आपटत होतो.

त्या संध्याकाळी मी तुझ्या खोलीत बसलो आणि स्वतःलाच विचारलं, ती पोर माझी कोण? काल जिन्यात भेटली असती तर ओळखलीही नसती. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तू मला सांगितलंस, "बाबा, मी एक बाळ दत्तक घेतेय. एकटीच." आणि मी म्हणालो, आणलेलं मूल कधी आपलं होत नसतं, पस्तावशील. तुझी आई असती तर माझ्या तोंडावर हात ठेवला असता. तू बॅग उचललीस आणि गेलीस. मुलगी घरी आल्याचा निरोप तू पाठवलास, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. तरी दर पंधरा दिवसांनी तुझा फोन येतो, मी "घरी सगळं ठीक?" विचारतो आणि त्या 'सगळं'मध्ये तिला ढकलून देतो. मी चुकलो, भिंगरी. सरळ लिहितो, फोनवर जमणार नाही. तू बोलाव म्हणून हट्ट नाही. बोलावलंस तर दुसऱ्या दिवशी निघेन. नाही बोलावलंस तरी एवढं एक कर. ती आता चालत असेल, बोलत असेल, तुला आई म्हणत असेल, आणि तिला काय म्हणून हाक मारायची हे तिच्या आजोबाला ठाऊक नाही, कारण त्याने कधी विचारलंच नाही. आज विचारतो. तिचं नाव काय ठेवलंस?

उत्तराची वाट बघणारा, तुझाच,
बाबा