मानलेली बहीण

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

घाटंजी, २१ जुलै २०२५

ती. बेबीताईस,
संगीताचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको. माझा फोन हे चाळत असतात, म्हणून कागदावर लिहून राह्यली. सोयाबीनचं निंदण आटोपलं का?

कोर्टात बेलिफगिरी करता करता यांनी राजूरला दुसरं घर मांडलं, हे तुले माहीतच आहे. पहिली नांदत असताना दुसरी करायची नाही, हा यांच्याच नोकरीचा नियम. म्हणून चैत्रात मीच यवतमाळला जिल्हा न्यायाधीश साहेबांकडे अर्ज दिला. आता चौकशी लागली. यांनी लेखी खुलासा काय द्यावा? म्हणे, ती ममता माझी मानलेली बहीण, बिचारी एकटी, म्हणून जाणंयेणं! चौकशीच्या साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा तोंडात पदर धरला, नाहीतर तिथंच शिव्या निघाल्या असत्या. खुलाशाची नक्कल मात्र मागून घेतली.

साक्षीदार एकही मिळत नाही. राजूरचे लोक म्हणतात, बेलिफाशी वैर कोण घेईल, उद्या जप्ती घेऊन दारात उभा राहील. पण यांना सुटू द्यायचं नाही, ताई. गुरुवार धरते, जप करते, तरी आग विझत नाही. महाराजांना तसं सांगूनही टाकलं.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
संगीता


राळेगाव, ३० जुलै २०२५

चि. सौ. संगीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं त्याच दिवशी अतुलराव इथं येऊन गेले, हे तुले ठाऊक नसेल. ओसरीवर बसून रडले. नोकरी गेली तर उर्वशीचं नर्सिंग अर्ध्यावर राहील, संगीताले अर्ज मागं घ्यायले सांगा, म्हणत होते. तुझे भाऊजी चहा द्या म्हणाले. दिला, पण साखर घातली नाही.

तरी बाई, पोरीचं बोलले ते खोटं नाही. आपण दहावी शिकलेल्या बाया, आपल्याले कोण नोकरीवर ठेवते? काहून एवढी जिद्द? राग गिळ.

अन् मानलेली बहीण म्हणतो का मेला! मग राखी जवळच आहे, बोलाव नणंदबाईले माहेरपणाले, पुरणपोळी खाऊ घाल! लिहिता लिहिता मलेच हसू आलं.

सबुरीनं घे. जिवाले जप, कागद धाडत जा.

तुझी ताई,
बेबी


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

घाटंजी, १२ ऑगस्ट २०२५

ती. बेबीताईस,
सा. न. वि. वि.

तू हसलीस, पण मी खरंच बोलावलं. नणंदबाईंना रीतसर पत्र धाडलं, सोबत खुलाशाची नक्कल. राखी शनिवारी, कोर्टाला सुट्टी. म्हणून यांचे वरचे नाझरसाहेब अन् कोर्टातल्या चौघी बायांनाही जेवायले सांगितलं. यांना वाटलं, बायको नरमली. खुशीत श्रीखंड घेऊन आले.

अकराला ममता आली. दारात तिले पाहून यांचा चेहरा पांढरा पडला. ताई, लई साधी बाई निघाली. बायको टाकून गेली, असं यांनी तिले सांगितलं होतं.

मी पाट मांडला, ताट तिच्या हाती दिलं अन् भावाले ओवाळा म्हणून सांगितलं. समोर नाझरसाहेब. नाही म्हणावं तर खुलासा खोटा ठरते. ताई, यांनी हात पुढं केला! नोकरीसाठी दुसऱ्या बायकोले बहीण करायले तयार झाले.

तिनं राखी उचललीच नाही. गळ्यातलं मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं. म्हणाली की भाऊ, हे माघात देवळात तुम्हीच घातलं होतं, बहिणीच्या गळ्यात बरं दिसत नाही. नाझरसाहेब न जेवताच उठले. काल सोमवारी तिनं यवतमाळला साक्ष दिली, लग्नाच्या फोटोसकट. नाझरसाहेबांनीही पाहिलं ते लिहून दिलं.

काल संध्याकाळी हे माझ्या पाया पडले. आपसात मिटलं असं लिहून दे, पोरीकडे पाहा, म्हणत होते. उर्वशीच आतून आली अन् म्हणाली की बाबा, माझं नाव मधात घेऊ नका, मी दवाखान्यात काम धरून शिकीन. मग मीही सांगून टाकलं की साहेब बडतर्फ करोत का घरी बसवोत, एक अक्षर मागं घेणार नाही. विचारत होते, मी जाऊ कुठं. मी म्हटलं, बहिणीकडे जा.

राखीचं श्रीखंड तसंच राह्यलं होतं. टाकवत नाही मले, म्हणून ममता निघाली तेव्हा तिच्याच डब्यात भरून दिलं होतं. आज सकाळी पूजेले बसली, तर महाराजांकडे काय मागावं तेच सुचेना.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
संगीता