झाकणावरची लाल खूण

चिमणे,

तू उठायच्या आत निघतोय. चहा थर्मासमध्ये आहे. तोंडाने सांगायला चार दिवस धीर झाला नाही, म्हणून लिहितोय.

गोळ्यांच्या डबीत रविवारपासून तुझ्या गोळ्या बरोबर भरल्या आहेत. म्हणजे त्याआधी चुकीच्या होत्या. आपल्या दोघांच्या बाटल्या अगदी सारख्या, म्हणून तुझ्या झाकणावर मीच लाल खूण केली होती. कधीतरी झाकणांचीच अदलाबदल झाली. स्त्रीबीजं चांगली व्हावीत म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुला दिलेल्या गोळ्या दोन महिने मी गिळल्या, आणि माझ्या साध्या ताकदीच्या गोळ्या तू. खूण झाकणावर नाही, डब्यावर करायची, हे गोदामात नव्या माणसांना मीच ओरडून सांगत असतो.

रविवारी डबी भरताना बाटलीवरचं बारीक नाव वाचलं, तेव्हा मला हे कळलं. सोमवारी तू आईंना फोनवर म्हणालीस, "बीजं चांगली निघाली नाहीत गं, माझ्यातच खोट आहे." मी शेजारी बसून वाटाणे सोलत होतो. एक शब्द बोललो नाही. झाकणाची चूक एक वेळ माफ कर, त्या वाटाण्यांची करू नकोस.

आज डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं सांगतो. गोळ्यांनी फरक पडलाच असता, असं त्याही कदाचित म्हणणार नाहीत. पण स्वतःला बोल लावणं तू आजपासून बंद कर.

संध्याकाळी समोर बसून सांगेन. मी सारवासारव करायला लागलो, तर ही चिठ्ठी पुढे कर.

तुझा गोदामवाला