कटर चार इंच सरकवला त्याबद्दल

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा शर्यतीच्या गाड्या बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे नाही असे डॉक्टरांचे म्हणणे आहे, पण मृत्युपत्राला त्याची हरकत नसते. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे गल्लीत कोणीही सांगेल. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, मी फक्त गप्प बसले होते.

कलम १. वडिलांकडून मला आलेले गॅरेज, त्यामागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड माझ्या धाकट्या भावाला मिळावी. तो छप्पन्न वर्षांचा आहे, उजव्या हाताची दोन बोटे नाहीत, डावा पाय ओढत चालतो. पूर्वी तो खडकाळ माळावरच्या शर्यतींत गाड्या पळवत असे. गाडी मी बांधायची आणि त्याने मोडून आणायची, असा आमचा संसार होता. शेडचे छप्पर गळते. ते मी दुरुस्त करून घेणार होते, पण जमले नाही.

कलम २. बँकेतील ठेव भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला द्यावी. तिने त्यातून काहीही शहाणपणाचे घेऊ नये. तिला शर्यतीत उतरायचे होते. बापाने नको म्हटले. "माझ्यासारखी ऐन वेळी घाबरलीस तर?" असे तो तिला माझ्यासमोर म्हणाला, आणि मी खाली मान घालून बोल्ट पिळत राहिले.

कलम ३. पाइप बेंडर, वेल्डिंग मशीन आणि बाकीची हत्यारे गॅरेजबरोबर जातील. समोरच्या टायरवाल्याने नऊ वर्षांपूर्वी नेलेला जॅक त्याला कायमचा दिला आहे. आता तरी त्याने तो माझा होता हे कबूल करावे. त्याची बायको भली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

कलम ४. भिंतीवर माझ्या अक्षरात लावलेला कागद कोणी काढू नये. त्यावर लिहिले आहे ते असे: गाडीत माणसाभोवती नळ्यांचा जो पिंजरा असतो, त्याला भोक पाडून काही बसवायचे नाही, क्लॅम्पनेच बसवायचे. अग्निशामक धातूच्या पट्टीत बसवावा, प्लास्टिकच्या नाही. सीटचा पट्टा कापायचा कटर चालक आणि शेजारी बसून वाट सांगणारा अशा दोन्ही माणसांच्या हाताला यावा, दोन्ही हातांनी यावा. आणि हे तपासताना जो गाडी चालवणार त्यालाच सीटवर बसवावे, हेल्मेट आणि हातमोजे घालून, खांद्यावरचे पट्टे श्वास अडेपर्यंत आवळून, डोळे मिटून. दुसऱ्या कोणाला बसवून चालणार नाही.

हा कागद मी बारा वर्षांपूर्वी लावला. मापाच्या हट्टापायी शर्यतवाले मला फूटपट्टी म्हणतात, त्यामुळे मला हे सारे कसे सुचले असे कधी कोणी विचारले नाही.

कलम ५. मला हे सुचले ते असे.

त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी भाऊ गावाबाहेर होता. कटर बसवायचा राहिला होता. मी स्वतःच सीटवर बसले, पट्टे नुसते अडकवले, हात पुढे केला आणि बोट टेकले तिथे क्लॅम्प आवळला. उकडत होते म्हणून पट्टे आवळले नाहीत. शिवाय आमच्या घरात माझे हात सर्वांत लांब आहेत. वीस वर्षे मी गाड्या बांधत होते आणि माझ्या मापावरून त्याचा कटर बसवला.

दुसऱ्या दिवशी गाडी उलटली आणि पेटली. भाऊ पट्ट्यांत उलटा लटकत होता. त्याच्या वजनाने आणि आत शिरलेल्या वाळूने बक्कल उघडेना. शेजारच्या माणसाचे उघडले. तो बाहेर पडला, दुसऱ्या बाजूने पुन्हा आत शिरला, आग विझवली आणि भावाचे पट्टे कापले. तोवर व्हायचे ते झाले होते.

जळकी गाडी आमच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी तपासनीस यायचा होता. त्याआधी मी गाडीत शिरले, या वेळी पट्टे नीट आवळून बसले आणि हात पुढे केला. माझाही हात पोचेना. मी ॲलन की घेतली, क्लॅम्प सैल केला, चार इंच अलीकडे ओढला आणि पुन्हा आवळला. तपासनीस सीटवर बसला, त्याचा हात सहज पोचला. त्याने लिहिले: "साधन आवाक्यात होते. चालकाने घाबरून त्याचा वापर केला नाही."

भावाने दवाखान्यात तो अहवाल वाचला आणि म्हणाला, "असेलही ताई. मला काही आठवत नाही."

तेव्हा बोलायला हवे होते. उद्या सांगू, पाय बरा झाला की सांगू, असे करत मी बारा वर्षे काढली. दर महिन्याला तो नव्या चालकांना आमच्या शेडमध्ये शिकवतो. सुरुवात एकाच वाक्याने करतो, "मी घाबरलो, तुम्ही घाबरू नका." मी मागे उभी राहून चहा गाळते. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती वाटते म्हणून मी कोणी भली ठरत नाही.

कलम ६. हे माझ्यामागे वाचले जावे असा विचार होता. पण मेल्यावर सांगितले तर त्याला मला शिव्याही देता येणार नाहीत. म्हणून आज दुपारी त्याला समोर बसवून पहिल्यापासून वाचून दाखवले. पुढचे कलम त्यानंतर लिहिले आहे.

कलम ७. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ताई, एवढंच सांग. मी हात नेला होता का गं कटरकडे?"

याचे उत्तर मी पाचव्या कलमातही लिहिले नव्हते. ते असे. पिंजऱ्याच्या नळीवर काजळी बसली होती आणि काजळीत हातमोज्याच्या बोटांचे फराटे होते. सगळे कटरच्या दिशेने गेलेले, सगळे चार इंच अलीकडे थांबलेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी ते थिनरने पुसले आणि वरून माझ्याच हाताने काजळी फासली.

"नेला होतास," मी म्हटले. "शेवटपर्यंत नेत होतास."

तो रडला. मी त्याच्याजवळ गेले, तर त्याने हाताने मला दूर केले.

"हेही लिही," तो म्हणाला. "आणि तुझ्या मरणाची वाट कोण बघत बसणार? उद्या पोरं येतील शिकायला. त्यांच्यासमोर वाच. पोरीलाही बोलावतो."

त्याने मला माफ केले का, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. उद्या सकाळी दहा वाजता मी कलम पाच, सहा व सात शेडमध्ये सर्वांसमोर वाचणार आहे. सबब या तीन कलमांना माझ्या मृत्यूची अट नाही.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, वाचला व मला मान्य आहे.

सही: गॅरेजची मालकीण, ऊर्फ फूटपट्टी

आम्ही दोघांनी तिला आमच्यासमोर सही करताना पाहिले:
साक्षीदार १: गाड्यांचा रंगारी
साक्षीदार २: शेजारीण, निवृत्त शिक्षिका

स्थळ: गॅरेजमागची खोली
दिनांक: ११ मार्च, शुक्रवार, सायंकाळी पाच