नीट बोलायचं म्हणजे कसं

बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, जेवणाची आबाळ नाही. तुमचा जुना पाना अजून माझ्याच पेटीत असतो. गुडघा कसा आहे?

"साहेबांशी नीट बोलतेस ना?" असं विचारलंत. ऐका मग. सोमवारी एका इस्पितळातल्या लिफ्टचा ब्रेक घसरताना दिसला. साहेबांना शांतपणे सांगितलं, तर हसून म्हणाले, "तुमच्याकडच्या बायका फार मऊ. खात्री असेल तर ठणकावून सांगावं." बुधवारी ठणकावून सांगितलं. तर म्हणाले, "तुमचे लोक लगेच अंगावर येतात. त्यात तू बाई!" आणि लिफ्ट चालूच.

शुक्रवारी माझ्याबरोबरचा गोरा मेकॅनिक टेबलावर हात आपटून तेच ओरडला. साहेबांनी पाच मिनिटांत लिफ्ट बंद करवली, त्याची पाठ थोपटली आणि मला विचारलं, "एवढे दिवस तू गप्प का बसलीस?"

म्हणजे आता पुन्हा मी मऊ. बाबा, नीट बोलायचं म्हणजे नेमकं कसं, ते तुम्हीच कळवा.

आईला मात्र एवढंच सांगा, की लिफ्ट दुरुस्त झाली. आणि ती मीच केली.

तुमची,
थोरली