हैबतीआबांचा बॅनर

मु. कुडपण, ता. पोलादपूर

तीर्थरूप प्रवीणदादा आणि वहिनींस सलोनीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल, बाळाला दात आले असतील आणि वहिनींची कंबरदुखी थांबली असेल असं धरून लिहिते. (थांबली नसेल तर पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस, हसताना उसण भरेल.) आजकाल पत्र कोण लिहितं, म्हणशील. माझा फोन बाबांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, जप्त केलाय. का, तेच सांगते.

बारावीची परीक्षा संपली आणि मला स्वतःचे चार पैसे मिळवायचे होते. महाडच्या कारखान्यांत अठरा वर्षांखाली उभं करत नाहीत. म्हणून आधी फिरायला येणाऱ्यांना फणसाचे गरे विकले. गिऱ्हाइकांपेक्षा वानरंच जास्त आली, आणि त्यांनी भावसुद्धा विचारला नाही. मग पहिलीच्या पोरांची शिकवणी घेतली. एक झोपायचा, एक शेळीचं करडू घेऊन यायचा, आणि तिसऱ्याच्या आजीने मलाच तांदूळ निवडायला बसवलं. शेवटी फोनवर बॅनर बनवायला लागले, आणि धंदा असा चालला म्हणून सांगू! बारसं, वाढदिवस, 'भावी सरपंच' (सध्या गावात घरटी एक आहे). श्रीपतकाकांनी तर बैलाचा करून घेतला. शुभेच्छुक कोण, तर त्यांचाच दुसरा बैल.

त्याच श्रीपतकाकांनी हैबतीआबांच्या पंचाहत्तरीचा बॅनर सांगितला. आबांचा सत्कारातला हार घातलेला फोटो होता. मी आदल्या आठवड्यातला एक जुना बॅनर घेतला, फोटो बदलला, नाव बदललं, आणि देवळामागच्या दगडावर रेंज येते तिथे चढून मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला. (तू त्या ग्रुपमधून बाहेर पडलास म्हणून तुला कळलं नसेल.) खालची ओळ बदलायची राहिली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मी दगडावरून उतरले, रेंज गेली, आणि तिकडे मुंबईत रडारड सुरू झाली. फोन लावतायत तर आबांचा लागत नाही, माझा लागत नाही.

सकाळी दोन जीपगाड्या आल्या. तिघे मुलगे, सुना, नातवंडं. वळणापासूनच सुनांनी गळा काढला. आबा ओटीवर चहात खारी बुडवत बसले होते. ते घाबरून उठले, "अरे, कोन गेला रे?" थोरली सून तिथेच मटकन बसली. थोरला मुलगा आधी माझ्या नावाने ओरडला, मग आबांना मिठी मारून लहान पोरासारखा रडला. मी गोठ्यामागे लपले होते. आबांचं काही बरंवाईट झालं असतं तर, हाच विचार करत होते.

पण आबा काय म्हणाले माहीत आहे? "आता आलाव तं ऱ्हावा. कोंबडा कापू." आणि राहिले की सगळे! मुलांनी गळकी कौलं बदलली, नातवंडं ओढ्यावर खेकडे पकडत हिंडली. जाताना थोरल्याने मला दम भरला आणि बाबांनी फोन काढून घेतला. आबांनी मात्र मला बोलावून हातावर गूळ ठेवला. म्हणाले, "फुडल्या वर्साला पन तूच कर गो बॅनर. घाय करू नको, असाच कर."

बाकी सर्व ठीक. बाळाला गोड पापा.

तुझी,
सलोनी

ता. क. आई म्हणते, दादाला असलं लिहू नको, तो कामात असतो. म्हणून तिला न सांगता पोलादपूरला जाणाऱ्या धोंडूकाकांकडे पत्र टपालात टाकायला देतेय.

ता. क. २. सुंदराकाकी, म्हणजे तुझी आई, काल स्वतःचा फोटो घेऊन आली होती. "माजा बी हैबतीसारखा कर. खालची वळ तीच ठेव. आनि पयला आमच्या प्रवीणला धाड." मी म्हटलं, काकी, फोन नाय. तर म्हणाली, "मिलंल तवा कर. माला काय घाय नाय." फोटोत ती छान हसतेय. मला तो बॅनर करायचा नाही, दादा. फोन गणपतीला परत मिळणार आहे. त्याच्या आधी येऊन जा.